पार्किंगवर नवं कार्पेट की मुळापासून नवं काम? आधी चार खड्डे घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरबाहेर महामार्गालगत बारा वर्षं जुनं व्यापारी संकुल. चाळीस गाळे, मागच्या बाजूला एक मोठं किराणा दुकान, आणि समोर व बाजूला मिळून सुमारे ३,००० चौरस मीटर डांबरी पार्किंग. एक ठेकेदार ४० मिलिमीटरचं कार्पेट, म्हणजे जुन्यावरच डांबराचा नवा थर, मारून देतो म्हणतो. दुसरा म्हणतो, सगळं उकरून नव्यानं करा. दोघांच्या कोटेशनमध्ये तिपटीहून जास्त फरक आहे आणि गाळेधारकांच्या बैठकीत दोन तट पडलेत.

मी तीस वर्षं रस्त्यांची आणि कारखान्यांच्या आवारांची कामं करतोय, त्यातली निम्मी काळ्या मातीवर. दोन्ही ठेकेदारांपैकी कुणी तुम्हाला फसवतंय असं मला वाटत नाही. पण दोघांनीही एक टिकावही न मारता भाव दिलाय, आणि खरी अडचण ती आहे. डांबराचा वरचा थर घराच्या गिलाव्यासारखा असतो. गिलावा उडाला म्हणून कुणी घर पाडत नाही, आणि भिंत खचलेली असेल तर कितीही गिलावा केला तरी तडा त्याच जागी परत येतो. तुमच्या आवारात भिंत कुठे खचलीय आणि कुठे धड आहे, हे आधी कळलं पाहिजे. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून माझा अंदाज असा, की पाऊण आवार नव्या थरावर भागेल आणि उरलेलं पाव मुळापासून करावं लागेल. हा अंदाज आहे, खालची तपासणी केल्याशिवाय त्यावर पैसे लावू नका.

आता लक्षणं बघू. समोरच्या ओळींत, जिथे फक्त मोटारी आणि दुचाकी उभ्या राहतात, तिथलं डांबर करडं पडलंय, बारीक खडी निघून हाताला लागते, एखाददुसरी लांब भेग आहे. हे म्हातारपण आहे. ऊन आणि हवेनं डांबर कडक होतं, खडीला धरून ठेवण्याची त्याची ताकद जाते. अशा जागी खालचा पाया बहुतेक वेळा शाबूत असतो. याउलट फाटकापासून मागच्या किराणा दुकानापर्यंत जो पट्टा आहे, तिथे तुम्ही लिहिता त्याप्रमाणे मगरीच्या पाठीसारखे जाळीदार तडे आहेत, चाकाच्या वाटेवर खोलगट चर पडलेत, आणि पावसाळ्यात भेगांतून काळपट पाणी वर येतं. हे पायाचं दुखणं आहे. भेगेतून माती मिसळलेलं पाणी वर येतं तेव्हा समजायचं की चाक पडलं की खालची ओली माती खडीतून पिचकारीसारखी वर ढकलली जातेय. त्यावर ४० मिलिमीटर काय, ८० मिलिमीटर टाकलं तरी फार दिवस टिकणार नाही.

हा पट्टाच का फुटला, याचं उत्तर तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात आहे, जे तुम्ही सहज लिहून गेलात: बोअर आटला की मार्चपासून रोज दोन टँकर येतात. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन, गाडी धरून सोळाच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा मागच्या एक्सलवर, म्हणजे साधारण दहा टन. तुमच्या मोटारीच्या एका एक्सलवर पाऊण टनही नसतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर भरलेले ट्रक फिरवले होते, त्यातून जो ढोबळ नियम निघाला तो आजही आम्ही वापरतो: रस्त्याचं नुकसान एक्सलच्या वजनाच्या जवळपास चौथ्या घातानं वाढतं. वजन दुप्पट तर नुकसान सोळापट. वजन दहापट तर दहा हजारपट. म्हणजे समोरच्या जागेत वर्षभर मोटारी येत-जात राहिल्या तरी टँकरच्या काही फेऱ्यांएवढं नुकसान त्या करत नाहीत. त्यात टँकर वळताना चाकं जागच्या जागी पिळतात आणि पाइप जोडताना-काढताना पाणी रोज त्याच ठिकाणी सांडतं. वजन, पीळ आणि पाणी, तिन्ही एकाच जागी.

आणि खाली काळी माती. सोलापूरकरांना तिचा स्वभाव सांगायला नको. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते. चार दिवस पाण्यात भिजवून घेतलेल्या चाचणीत तिचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा, बऱ्याचदा दोन-तीन टक्क्यांवर येतो, चांगल्या मुरमाचा त्याच्या कितीतरी पट असतो. आवाराच्या मध्यभागी डांबरानं झाकलेली माती वर्षभर साधारण सारखी ओली राहते, पण कडेची माती सुकते-भिजते, सुकते-भिजते. त्यामुळे कडेला समांतर, अर्धा ते दीड मीटर आत, लांबच लांब भेग पडते. कुंपणालगतच्या कडुनिंबांजवळ तुम्हाला दिसतेय ती भेग हीच असणार. झाडाची मुळं उन्हाळ्यात तिथली ओल खेचून घेतात. ही भेग भरून घ्यायची आणि कडेला पाणी साचू द्यायचं नाही. तिच्यासाठी सगळं आवार उकरण्याची गरज नाही.

खड्डे कुठे घ्यायचे ते सांगतो. एक सगळ्यात वाईट जागी, टँकरच्या वळणावर. एक सगळ्यात चांगल्या जागी, समोरच्या ओळीत. एक जिथे डबकं साचतं त्या कोपऱ्यात, आणि एक कडेच्या भेगेवर. दोन-दोन फुटांचे पुरेत. डांबर कटरनं चौकोनी कापून घ्या, जेसीबीनं ओरबाडू नका, नाहीतर जे बघायचंय तेच नासतं. विजेची केबल आणि पाण्याची लाइन कुठून जाते ते आधी विचारून घ्या. थर संपून मूळ माती लागली की आणखी एक फूट खाली जा आणि टेपनं प्रत्येक थराची जाडी लिहून ठेवा.

कापलेला डांबराचा चौकोन उचलताना नीट लक्ष द्या. तो फरशीसारखा अखंड निघाला तर वरचा थर अजून जिवंत आहे. हातात चुरा झाला किंवा दोन पापुद्र्यांत वेगळा झाला, तर मागच्या वेळी मधे टॅक कोट, म्हणजे थर एकमेकांना चिकटवणारा पाणीमिश्रित डांबराचा फवारा, नीट मारलेला नव्हता किंवा पाणी थरांत शिरलंय. मग खालची खडी मूठभर काढून बादलीत धुवा. पाणी किंचित गढूळ झालं तर चालेल. बादलीत काळा चिखल झाला तर खडीच्या फटींत माती घुसलीय, आणि तो थर आता खडीचा राहिलेला नाही. तळाची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर आत ओल आहे, आणि उन्हाळ्यातही ओल असेल तर पाणी कुठून तरी येतंय, बहुतेक फुटक्या ड्रेनेजमधून किंवा टाकीच्या ओव्हरफ्लोमधून. खड्डा रात्रभर फळी टाकून, भोवती अडथळे लावून तसाच ठेवा आणि सकाळी तळात पाणी जमलंय का बघा.

जमल्यास डीसीपी, म्हणजे शंकू ठोकून जमिनीचा घट्टपणा मोजण्याची चाचणी, करून घ्या. आठ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटर उंचीवरून सोडायचा आणि दर ठोक्याला शंकूचं टोक किती मिलिमीटर आत जातं ते मोजायचं. दोन माणसांचं काम आहे, अर्ध्या तासात एक जागा होते. सोबत मातीचा नमुना सीबीआर आणि फुगण्याच्या चाचणीसाठी द्या, स्थापत्य अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत या चाचण्या होतात. या सगळ्याचा खर्च दोन कोटेशनमधल्या फरकापुढे किरकोळ आहे.

आणखी एक साधी परीक्षा. भरलेला टँकर माणूस चालतो त्याहून हळू वेगानं सगळ्या आवारातून फिरवा आणि बाजूला उकिडवं बसून मागच्या चाकाखालची जमीन बघत राहा. घट्ट पायावर काही हलत नाही. कच्च्या जागी चाकापुढे डांबर किंचित दबतं, चाक गेलं की परत वर येतं, आणि भेगांच्या कडा एकमेकांवर घासताना दिसतात. जिथे हलतं तिथे लगेच पिवळ्या रंगानं खूण करा. दोन तासांत आवाराचा नकाशा तयार होतो.

हे सगळं मी एवढं आग्रहानं का सांगतो, ते सांगायला हवं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाच्या आवाराचं काम मी घेतलं होतं. लग्नसराईपूर्वी हवं होतं, मालकांकडे पैसे बेताचे, आणि वरून बघता आवार तसं बरं दिसत होतं. मी खड्डा न घेता ३० मिलिमीटरचा थर टाकून दिला. पहिल्या पावसाळ्यानंतर केटरिंगचे टेम्पो जिथून आत यायचे, नेमकी तिथेच जाळी उमटली. उकरलं तेव्हा खाली खडीचा थर जेमतेम चार इंच, आणि त्याखाली चिखल. मालक काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेवढा पट्टा मी पदरमोड करून नव्यानं केला. त्यानंतर खड्डा घेतल्याशिवाय मी कुणाला भाव दिलेला नाही.

आता पाणी. तुम्ही म्हणता उजव्या कोपऱ्यात पावसानंतर दोन-दोन दिवस डबकं राहतं. कुठलंही डांबर साचलेल्या पाण्यापुढे टिकत नाही, आणि नवा थर सारख्या जाडीनं टाकला तर जुना खळगा तसाच वर येतो, डबकं फक्त ४० मिलिमीटर उंच होतं. पार्किंगला निदान दीड-दोन टक्के ढाळ हवा, म्हणजे मीटरला दीड-दोन सेंटिमीटर. पाऊस थांबल्यावर तासाभरानं आवारात फिरा आणि जिथे पाणी उभं आहे त्याभोवती ऑइल पेंटनं रेघ मारा. मग ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून सगळ्या आवाराच्या लेव्हल घ्या, त्यात गाळ्यांचे उंबरे, शटरचा तळ, चेंबरची झाकणं आणि गटाराच्या जाळ्या यांच्याही घ्या. बऱ्याच ठिकाणी नवा थर टाकल्यावर पाणी दुकानात शिरायला लागतं आणि मग भांडणं होतात. उंबरा आणि आवार यांत अंतर कमी असेल तर गाळ्यांलगतचा दोन-तीन मीटरचा पट्टा मिलिंग मशीननं आधी तासून घ्यायचा आणि मगच तिथे नवा थर द्यायचा.

समोरच्या भागासाठी नवा थर ठरला, तर तो नीट करून घ्या. भेगा साफ करून भरायच्या. जिथे लहान जागी जाळी आहे ती चौकोनी कापून, खालपर्यंत काढून, थराथरानं भरायची. खळगे आधी वेगळ्या मालानं समतल करायचे, वरच्या थरातच सगळं उरकायचं नाही, कारण मग काही ठिकाणी जाडी २० मिलिमीटर भरते आणि ती जागा आधी उखडते. टॅक कोट चौरस मीटरला साधारण २०० ते ३०० ग्रॅम, सगळीकडे सारखा. तो मारल्यावर तपकिरी दिसतो, पाणी उडून काळा झाला की मगच माल टाकायचा. प्लँटवरून आलेला माल व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा असेल तर पसरताना निदान १४० अंश सेल्सिअस असला पाहिजे आणि ९० च्या खाली जायच्या आत रोलिंग संपलं पाहिजे. लोखंडी दांड्याचा थर्मामीटर फार महाग मिळत नाही. तुमच्या समितीतला एक माणूस तो घेऊन प्रत्येक टिपरजवळ उभा राहिला तरी कामाचा दर्जा बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

मालाचा हिशोबही तुम्हाला स्वतः करता येतो. दबलेला डांबरी माल घनमीटरला साधारण २.४ टन भरतो. १,००० चौरस मीटरवर ४० मिलिमीटर म्हणजे ४० घनमीटर, म्हणजे सुमारे ९६ टन. वजनकाट्याची चलनं गोळा करा आणि बेरीज जुळते का बघा. साठ टनांत काम संपलं तर तुम्हाला २५ मिलिमीटर मिळालंय.

आता टँकरचा आणि मालवाहू गाड्यांचा पट्टा. तो अंदाजे ६००-७०० चौरस मीटर असावा. इथे मी कार्पेट सुचवणार नाही. सगळे थर काढायचे, काळी माती निदान दीड-दोन फूट काढून तिथे चांगला मुरूम थराथरानं दाबायचा, किंवा माती फार खोल असेल तर तिच्यात चुना मिसळून ती सुधारायची. चुना वजनाच्या तीन ते सहा टक्के लागतो, नेमका आकडा प्रयोगशाळा देईल. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे चिखल वर चढत नाही. मग जीएसबी, म्हणजे पाणी वाहून जाऊ देणारा खडीचा खालचा थर, मग डब्ल्यूएमएम, म्हणजे पाणी घालून मिसळलेल्या खडीचा दाबलेला थर. सगळ्यात वर, टँकर जिथे उभा राहतो आणि वळतो तेवढ्या जागेत, मी डांबराऐवजी २०० मिलिमीटर जाडीचं काँक्रीट घालीन. उभ्या गाडीतून डिझेल-ऑइल ठिबकतं, आणि डांबर त्यात विरघळतं. काँक्रीटला ते चालतं, पाणी सांडलेलंही चालतं, आणि चाकांचा पीळ ते सहन करतं. उरलेल्या पट्ट्याला डीबीएम, म्हणजे जाड खडीचा डांबरी थर, आणि वर बीसी, म्हणजे बारीक खडीचा डांबरी थर, पुरे.

इथे एक गोष्ट फार जपा, कारण चांगले ठेकेदारही ती विसरतात. काळ्या मातीतून पाणी झिरपत नाही. तुम्ही आवाराच्या मधे दोन-तीन फूट खोल पट्टा उकरून त्यात मुरूम आणि खडी भरली, तर जमिनीत एक हौद तयार होतो. आजूबाजूच्या जुन्या भेगांतून शिरलेलं पाणी त्या हौदात उतरतं आणि बाहेर जायला वाट नसते. वरून काम देखणं दिसतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात आतून भिजून बसतं. म्हणून खोदाईच्या तळालाच गटाराकडे ढाळ द्यायचा, जीएसबीचा थर थेट गटाराच्या भिंतीपर्यंत न्यायचा, आणि सर्वात सखल कडेला खडीत गुंडाळलेला भोकांचा पाइप टाकून त्याचं तोंड गटारात काढायचं. गटार त्या तळाहून खोल नसेल तर आधी गटार खोल करा. तुमच्या कामात मला विचाराल तर पहिला रुपया तिथे जावा.

नव्या आणि जुन्या भागाचा सांधा सरळ कापून, प्रत्येक थर खालच्याहून फूटभर पुढे नेत पायऱ्यांसारखा करायचा. एकाच रेषेत सगळे थर संपवले तर तिथेच भेग पडते आणि पाणी आत जातं.

बैठकीत कुणीतरी पेव्हर ब्लॉकचा विषय काढेल, म्हणून तेही सांगतो. ब्लॉक चांगले आहेत, काढून परत बसवता येतात, आणि पाइपलाइनसाठी आवार वारंवार खोदावं लागत असेल तर डांबराहून सोयीचे. पण जड गाड्यांखाली किमान ८० मिलिमीटरचे, तिरक्या विणीत बसवलेले आणि चारी बाजूंनी काँक्रीटच्या कडेनं घट्ट धरलेले हवेत. आणि त्यांनाही खाली तोच पाया लागतो. खचलेल्या जमिनीवर ६० मिलिमीटरचे ब्लॉक म्हणजे वर्षभरात लाटा. नुसता काळा सील कोट, म्हणजे डांबराचा पातळ लेप, मारून आवार नवं दिसतं, पण त्यानं ताकद वाढत नाही. तो फक्त समोरच्या चांगल्या भागात, भेगा भरल्यावर, पुढची काही वर्षं पाणी रोखायला उपयोगी.

सगळं उकरायचा सल्ला कधी बरोबर ठरेल? चारही खड्ड्यांत खडीत चिखल निघाला, किंवा टँकरच्या परीक्षेत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागेवर पिवळ्या खुणा आल्या, तर तुकडे-तुकडे करत बसण्यात अर्थ नाही, दुसऱ्या ठेकेदाराचंच ऐका. मात्र काम किती मोठं आहे हे गाळेधारकांना आधी सांगा. ३,००० चौरस मीटर अर्धा मीटर खोदलं तर १,५०० घनमीटर माल निघतो, मोकळा झाल्यावर तो तीसेक टक्क्यांनी फुगतो, म्हणजे दहा घनमीटरच्या टिपरच्या दोनशेच्या आसपास फेऱ्या, आणि जवळपास तेवढ्याच परत माल आणायला. तेवढे दिवस गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार, याचा तोटा कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. अर्धं-अर्धं आवार उघडं ठेवून दोन टप्प्यांत काम लावा.

खड्डे आणि लेव्हल झाल्या की दोन्ही ठेकेदारांना तोच नकाशा द्या आणि त्याच मापांवर नव्यानं दर मागा: एवढे चौरस मीटर मिलिंग, एवढं कार्पेट, एवढी खोदाई, एवढं काँक्रीट, एवढे मीटर गटार. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची शेजारी ठेवून प्रत्येक बाब ताडून बघा. करारात लिहा की जाडी कोअर, म्हणजे थरातून कापलेला गोल नमुना, काढून मोजली जाईल, आणि बिलातली ठरावीक रक्कम दोन पावसाळे उलटल्यावरच सुटेल. ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो ही अट मान्य करतो.

वेळेचं म्हणाल तर तुमच्याकडे सप्टेंबरातच जास्त पाऊस असतो आणि ऑक्टोबरातही एखादी सर येऊन जाते. म्हणून पाण्याच्या खुणा या पावसाळ्यातच करून ठेवा, खोदाई दिवाळीची गर्दी ओसरल्यावर सुरू करा, आणि एका वेळी जेवढं त्याच आठवड्यात भरून दाबता येईल तेवढंच उकरा. काँक्रीटवर टँकर निदान २८ दिवस नेऊ नका. तेवढे दिवस तो समोरच्या फाटकाशी रस्त्यावरच उभा करून लांब पाइप लावा, म्हणजे नवं कार्पेटही वाचेल.